आधी पाव, मग पाटी: माउंट सायन शाळेची गोष्ट

[शुअर नदीचा धक्का. दगडी गोदामं, वर उडणारे समुद्रपक्षी.]

वॉटरफर्ड. आयर्लंडच्या आग्नेयेला, शुअर नदीवरचं जुनं बंदर. अठराव्या शतकात इथून जहाजं निघायची ती थेट अटलांटिकपलीकडच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या मासेमारीला. त्या जहाजांना खारवलेलं मांस, लोणी असा शिधा लागायचा. तो पुरवून ज्यांनी चांगला पैसा केला, त्यांतले एक एडमंड राइस. १७६२ साली किलकेनी परगण्यातल्या कॅलन गावी त्यांचा जन्म झाला. काकांच्या पेढीवर उमेदवारी केली आणि पुढे पेढीच त्यांच्याकडे आली. १७८९मध्ये अपघाताचं निमित्त होऊन पत्नी वारली. पदरात एक तान्ही, अपंग मुलगी.

धक्क्यावर पोरं दिवसभर उंडारत असायची. एके काळी कॅथलिक माणसानं शाळा चालवणं हा आयर्लंडात कायद्यानं गुन्हाच होता. १७८२ साली तो कायदा सैल झाला. तरी शिकायची ती ऐपत असलेल्यांची मुलं. गोदीतल्या पोरांना कोण विचारतो?

१८०२ साली राइस यांनी न्यू स्ट्रीटवरच्या एका तबेल्यात वर्ग सुरू केला. खाली मुलं, वर स्वतःचा मुक्काम. पोरं अशी काही बिलंदर होती की पगारी मास्तर दोघंही काम सोडून गेले. पगार वाढवून देतो म्हटलं, तरी थांबले नाहीत. मग कॅलनहून दोघं जण आले, बिनपगारी, आणि राहिले. शाळेचा खरा पाया तिथे पडला असं म्हणायला हरकत नाही.

[टेकडीवरची इमारत. कॅमेरा हळूहळू आवारात शिरतो.]

गावाबाहेरच्या टेकडीवर १८०३ साली घर उभं राहिलं, त्याचं नाव माउंट सायन. पुढच्याच वर्षी शेजारी शाळा भरू लागली. त्याच आवारात राइस यांनी पावभट्टी घातली आणि भट्टीच्या वरच्या मजल्यावर शिंपी बसवले. उपाशी आलेल्या मुलाच्या हातात पाव आणि दूध पडायचं. अंगावर चिंध्या असतील तर वरून धडके कपडे शिवून मिळायचे. पोट रिकामं असेल तर गणित डोक्यात शिरत नाही, हे मांस-लोण्याच्या व्यापाऱ्याला वेगळं सांगावं लागलं नसावं.

१८१०मध्ये राइस यांनी कॅशेलच्या आर्चबिशपना, म्हणजे तिथल्या प्रमुख कॅथलिक धर्मगुरूंना, एक पत्र लिहिलं. शाळेचा दिवस कसा जातो, याचं ते वर्णन आहे. घड्याळाचा तास वाजला की सगळा वर्ग थांबतो आणि एक छोटी प्रार्थना म्हणतो. दिवसातून अर्धा तास धर्मशिक्षणाचा. शाळेत वाचनालय आहे, मुलं पुस्तकं घरी नेतात. आणि एक वाक्य मारण्याबद्दल: फारच गंभीर गुन्हा घडला तरच, एरवी अंगाला हात लावायचा नाही. छडी हे मास्तरांचं हक्काचं हत्यार असण्याच्या काळात हे लिहिलं गेलं. ते वाक्य ध्यानात ठेवा.

राइस यांच्या सहकाऱ्यांचा, लग्न न करता धर्मकार्याला वाहून घेतलेल्यांचा, संघ पुढे ख्रिश्चन ब्रदर्स म्हणून ओळखला गेला. १८२०मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली. १८३१ साली सरकारी राष्ट्रीय शाळांची योजना आली, अनुदानासकट. ब्रदर्सनी काही शाळा त्यात घालून पाहिल्या. पण धर्मशिक्षणावरची बंधनं मानवेनात. १८३६मध्ये त्यांनी सरकारी पैशावर पाणी सोडलं. क्रमिक पुस्तकंही स्वतःच तयार केली.

मग १८७८चा माध्यमिक शिक्षणाचा कायदा आला. त्यात शाळेला पैसा मिळायचा तो परीक्षेच्या निकालावर. ब्रदर्सच्या शाळा या खेळात तरबेज निघाल्या. गरिबाचा मुलगा कारकून झाला, सरकारी नोकरीत चिकटला, ही कमाई थोडी नव्हे. पण निकाल म्हणजेच पैसा झाला, की घोकंपट्टी आलीच.

[हर्लिंगचं मैदान. काठीवर चेंडू आपटल्याचा आवाज.]

आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतर आयरिश भाषा आणि हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ यांना जोर आला. १९३२मध्ये माउंट सायनच्याच नावानं क्लब निघाला. वॉटरफर्डच्या हर्लिंगमध्ये त्याचा दबदबा मोठा.

आता ते मारण्याबद्दलचं वाक्य. विसाव्या शतकात ब्रदर्सच्या शाळांत शिकलेल्या पिढ्यांना विचारलं तर आधी आठवतो तो चामड्याचा पट्टा. आयर्लंडात शाळेतल्या मारावर बंदी यायला १९८२ साल उजाडावं लागलं. २००९च्या रायन अहवालानं, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाच्या अहवालानं तर त्याहून भयंकर गोष्टी नोंदवल्या. निवासी संस्थांमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं छळ झाला होता आणि त्यांत ब्रदर्सनी चालवलेल्या संस्थाही होत्या. संस्थापकाचं पत्र दप्तरी होतं. ते वाचून शाळा चालवायची तसदी बऱ्याच ठिकाणी कुणी घेतली नाही.

शाळेच्या दारातली गर्दी खरी वाढली ती १९६७नंतर. शिक्षणमंत्री डोनो ओ'मॅली यांनी आदल्या सप्टेंबरात मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा करून टाकली होती. फी माफ करणाऱ्या शाळेला सरकारकडून दर विद्यार्थ्यामागे अनुदान मिळू लागलं. खेड्यांतून मुलांना आणायला बसगाड्याही सुरू झाल्या. प्राथमिकनंतर घरी बसणारी मुलं आता वर्गात आली. जे काम १८०२मध्ये एका व्यापाऱ्याच्या खिशातून चालत होतं, ते अखेर सरकारी तिजोरीवर गेलं.

ब्रदर मात्र कमी होत गेले. नव्यानं कुणी येईना. २००८मध्ये संघानं आपल्या ९६ शाळा एडमंड राइस यांच्या नावाच्या एका विश्वस्त संस्थेकडे सोपवल्या. शिक्षकांचा पगार सरकार देतं, शाळा विश्वस्तांच्या ताब्यात, आणि फळ्यापुढे उभे असतात घरसंसार असलेले शिक्षक-शिक्षिका.