तिच्या नावाचा कागद

(पहाटेचं स्वयंपाकघर. लायटरचा आवाज. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी.)

निवेदन:

साडेपाच वाजलेत. कणीक मळून झाली. दोन डबे भरायचेत, आजींना बीपीची गोळी द्यायचीय आणि सातला शाळेची रिक्षा खाली येऊन उभी राहील. अशा कितीतरी घरांत कपाटात विम्याची एकच पॉलिसी सापडते, ती कमावणाऱ्याच्या नावाची. घर चालवणारीच्या नावाचा कागद नसतो.

केंद्र सरकारने 2024 मध्ये लोकांचा दिवस कुठे जातो हे मोजलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली 289 मिनिटं, पुरुषांची 88. मुलांची नि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी.

(जुन्या वर्तमानपत्रांची पानं.)

या कामाची किंमत रुपयांत किती, हा प्रश्न एकदा फार दुःखद रीतीने न्यायालयापुढे आला. 3 मार्च 1989, जमशेदपूर. जमशेटजी टाटांच्या दीडशेव्या जयंतीच्या सोहळ्यात मंडपाला आग लागली आणि 60 जीव गेले. त्यांत गृहिणी होत्या, शाळकरी मुलं होती. भरपाई ठरवायचं काम माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे आलं. गृहिणीच्या कामाचं मोल धरलं गेलं वर्षाला 12,000 रुपये. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आकडा फारच कमी ठरवला आणि महिन्याला 3,000 रुपये धरले. एवढ्याला बारा वर्षं लागली.

पण न्यायालयात भरपाई मागायची तर समोर कुणीतरी जबाबदार असावा लागतो. आई कर्करोगाने गेली, तर दावा कुणावर लावणार? तिथे उपयोगी पडतो तो विमाच.

(वहीवर पेनाने मांडलेला हिशेब.)

आपण हिशेब मांडू. पोळ्यांच्या बाई, पाळणाघर, शिकवणी, आजींजवळ दिवसभर बसणारं कुणी. सगळं मिळून महिन्याला 20,000 रुपये धरले आणि धाकटं मूल आज सहा वर्षांचं असेल, तर ते अठराचं होईपर्यंत 28 लाख 80 हजार लागतील. महागाई धरलेलीच नाही. घर सांभाळणारा बाबा असेल, तरी आकडा तोच.

आता हाताशी काय आहे ते पाहू. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना 2015 पासून चालू आहे. बँकेत किंवा पोस्टात बचत खातं हवं, वय 18 ते 50. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वर्षाला 436 रुपये कापले जातात आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला 2 लाख मिळतात. फक्त नव्याने नाव घातल्यावर पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीज आलेल्या मृत्यूला पैसे मिळत नाहीत. आपल्या हिशेबात 2 लाख म्हणजे दहा महिने. अपुरे आहेत, पण त्या दहा महिन्यांत घराला सावरायला वेळ मिळतो, म्हणून हा विमा प्रत्येकीने घ्यावाच असं मला वाटतं.

मोठ्या रकमेचा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्यायला गेलं की बऱ्याच कंपन्या आधी नवऱ्याचं उत्पन्न विचारतात, त्याच्या नावावर किती विमा आहे तेही पाहतात. तिच्या कामाला त्याच्या पगाराच्या मापाने मोजलेलं मला पटत नाही. तरीही अर्ज करा, दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि अर्जात थायरॉइड, शुगर काही लपवू नका. लपवलेलं आजारपण नेमकं दाव्याच्या वेळी वर येतं, तेव्हा उत्तर द्यायला ती नसते.

(पासबुकावरून फिरणारं बोट.)

ज्योती योजनेचं वर्ष 31 मे रोजी संपतं. पुढचे 436 तिच्या खात्यातून आपोआप जातात, पण खात्यात पैसे असले तरच. घरखर्चातून उरेल तेवढंच जिच्या खात्यात पडतं, तिचा विमा नेमका इथे तुटतो. मे महिन्यात तेवढे पैसे तिच्या खात्यात टाका. जूनमध्ये पासबुक छापून आणा, 436 ची ओळ शोधा आणि वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय ते बँकेत विचारून घ्या.