घाणा उतरतो ती वेळ

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत पाहुणे आले की चहा संपायच्या आत एक प्रश्न हमखास येतो, "इथला सगळ्यात चांगला वडापाव कुठे मिळतो हो?" आणि मग घरच्याच मंडळींत जुंपते. दादरकर छबिलदासच्या गल्लीतल्या बटाटेवड्याचं नाव घेतो. प्रभादेवीचा माणूस कीर्ती कॉलेजजवळच्या अशोकच्या वड्यावर आणि त्यासोबत मिळणाऱ्या चुऱ्यावर अडून बसतो. सीएसएमटीला रोज उतरणारा समोरच्या 'आराम'ची बाजू लावून धरतो. तिघांचंही बरोबर आहे, फक्त पाहुण्यांनी प्रश्न थोडा बदलायला हवा. वडा कुठे खायचा ते मागाहून ठरवू. आधी विचारा, कधी खायचा?

कढईतून वड्यांचा घाणा उतरतो, त्यानंतरची पाच-दहा मिनिटं हे त्या वड्याचं खरं आयुष्य. बेसनाचं आवरण कडकडीत तेलात पटकन धरतं, आतला बटाटा वाफेनं गरम राहतो. वडा ताटात पडून राहिला की बटाट्यातला ओलावा हळूहळू बाहेर आवरणात शिरतो आणि ते मऊ पडतं. तोच वडा पुन्हा तेलात सोडला तर तेल पितो. म्हणून गाडीसमोर उभं राहिल्यावर पाटी वाचू नका, कढईकडे बघा. ताटात वड्यांचा डोंगर आणि गाडीवर शुकशुकाट असेल तर सरळ पुढे चला, नाव कितीही मोठं असो. कढईत वडे पोहतायत आणि भोवती चार माणसं सुटे पैसे काढून उभी आहेत, तिथे थांबा. बहुतेक गाड्यांवर ही वेळ दुपारी चारनंतरची, ऑफिसं आणि शाळा सुटायची.

वडापावचा जन्मच मुळी धावपळीचा. 1966च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं साधारणपणे सांगितलं जातं. एका हातात मावणारा, ताट-वाटी न लागणारा, लोकल गाठता गाठता संपणारा. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. लालबाग-परळच्या अनेक घरांची चूल त्यानंतर वड्याच्या गाडीवर पेटत राहिली. आज आपण शेजवान आणि चीज घातलेला वडापाव मागतो, त्याला माझी हरकत नाही. म्हणजे आहे, पण आवाज चढवून नाही. लसणीची सुकी चटणी आणि मिठात घोळवलेली तळलेली मिरची असताना आणखी काय हवं असतं, ते मला समजत नाही.

आता पाव. वड्याची एवढी चर्चा होते आणि पावाकडे कुणी बघत नाही. लादीचा पाव बेकरीतून पहाटे निघतो आणि दुपारनंतर पुन्हा एकदा येतो. संध्याकाळचा वडापाव चांगला लागतो त्याचं अर्धं श्रेय या दुसऱ्या फेरीचं. 2025च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराची हवा बघता त्याविरुद्ध बोलायला तोंड नाही. पण लाकडाच्या भट्टीतल्या पावाच्या वरच्या सालीला जो किंचित धुरकट वास असतो, तो ज्यांना माहीत आहे त्यांना थोडी हुरहुर लागणारच.

सकाळी वड्याच्या मागे लागू नका. मुंबईची सकाळ इडलीवाल्याची. सायकलवर मोठा डबा बांधून, भोंपू वाजवत तो गल्लीत येतो. इडली, मेदूवडा, खोबऱ्याची पातळ चटणी. डबा रिकामा झाला की तो गेला, मग शोधूनही सापडत नाही. आणि स्टेशनबाहेर स्टीलचे डबे मांडून पोहे, उपमा, शिरा विकणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडे जरूर थांबा. पहाटे उठून घरच्या शेगडीवर केलेलं असतं ते. ठाण्याला किंवा दादरला आठच्या सुमारास उभे राहा, बशी रिकामी व्हायच्या आत मागचा माणूस पुढे सरकलेला असतो.

दुपार सँडविचवाल्याची. फोर्टात, चर्चगेटला, कुठल्याही कॉलेजच्या फाटकाशी तो असतोच. ब्रेडला लोणी, त्यावर हिरवी चटणी सढळ हातानं, मग उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि प्रत्येक थरावर चाट मसाल्याची चिमूट. साधं घ्या किंवा लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये दाबून भाजलेलं मसाला टोस्ट घ्या. चटणी ताजी असेल तर साधंच घ्यावं, असं माझं मत. चटणीचा रंग हिरवा सोडून काळपट झाला असेल तर टोस्ट घ्या, नाहीतर केळी घ्या.

भेळ आणि पाणीपुरी संध्याकाळची, हे सांगायला नको. गिरगाव चौपाटीवर सूर्य कलला की गर्दी होते. भेळवाल्याला "कागदात बांधून द्या" असं मात्र कधी म्हणू नका. चिंच-खजुराची चटणी पडली की कुरमुरे लगेच ओलावा ओढायला लागतात. भेळ कालवल्या जागी, चपट्या पुरीनं उचलून खायची. घरी न्यायचीच असेल तर सुकी भेळ. पाणीपुरीत मुंबईची खूण म्हणजे आतला गरम रगडा आणि बाहेरचं थंडगार पुदिन्याचं पाणी, दोन्ही एकाच घासात. शेवटची सुकी पुरी हक्कानं मागायची, तिचे पैसे द्यायचे नसतात. पावसाळ्यात मात्र पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा माझ्या घरी बंद असतो. पाणी कुठलं, बर्फ कुठला, ते गाडीसमोर उभं राहून कळत नाही. त्या दिवसांत भाजलेलं कणीस, लिंबू, तिखट-मीठ. तेवढं पुरतं.

कागदावरून आठवलं. वर्तमानपत्रात तळण बांधून देऊ नका, छपाईची शाई अन्नात उतरते, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पुन्हा पुन्हा बजावलं आहे. तरी अजून कुठे कुठे वडा अग्रलेखात गुंडाळून येतो. वडेवाल्याला तसं सांगा. "दादा, पेपर नको, नुसताच हातात द्या." कुणी रागावत नाही.

रमजानच्या महिन्यात मुंबईत असाल तर एक संध्याकाळ मोहम्मद अली रोडसाठी राखून ठेवा. मस्जिद स्टेशनला उतरून मिनारा मशिदीच्या दिशेनं चालत जायचं. इफ्तारनंतर ती गल्ली खरी जागी होते, म्हणून सहाला जाऊन घाई करू नका. सीख कबाब, बैदा रोटी, रात्र चढली की नल्ली निहारी. मांसाहार करत नसाल तरी मातीच्या वाटीतली थंड फिरनी आहे. मालपुवा अंड्याचा असतो, तो आधी विचारून घ्यावा. आणि तो एकट्यानं संपत नाही, चौघांत एक सांगा. गर्दी भयंकर असते. लहान मुलं सोबत असतील तर सुट्टीचा वार टाळा.

पावभाजीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, मी काय सांगणार? गिरणगावातल्या रात्रपाळीशी तिचं नातं जोडलं जातं, आणि आजही ती रात्रीच अधिक शोभते. ताडदेवच्या 'सरदार'मध्ये जाणार असाल तर दुपारचं जेवण हलकं ठेवा, लोण्याचा हात तिथे आखडता नसतो.

आणि सगळ्यात शेवटी, दुकानांची शटरं पडल्यावर, अंडाभुर्जीच्या गाड्या. मोठ्या तव्यावर कांदा, टोमॅटो, मिरची, वर फोडलेली अंडी आणि उलथन्याचा तो खणखणाट. "तिखट कमी" असं अंडी फुटायच्या आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही. पाव तव्यावरच, भुर्जीच्या उरलेल्या मसाल्यात फिरवून घ्या. उभ्यानं खा, पैसे द्या, मागच्याला जागा द्या. आणि गाडीवर जायच्या आधी शेवटची लोकल किती वाजता आहे तेवढं बघून ठेवा, कारण त्या वेळेला भुर्जीवाला घाई करत नाही.

नमस्कार.