पडक्या वाड्याचा सातबारा

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘पुणे परिसरातील ओसाड शेतवाडे आणि त्यांचा स्थानिक इतिहास’ असा छापला आहे आणि असा वाडा कसा वाचावा, त्याची पद्धत मी सांगावी अशी संयोजकांची अपेक्षा आहे. ती मी पुरी करणारच आहे. त्याआधी मात्र बरीच वर्षे मनात साचलेली एक तक्रार मांडू द्यावी. पडक्या वाड्याचे छायाचित्र पुण्यात कोणालाही दाखवले की पहिला प्रश्न येतो, ‘पेशवेकालीन आहे का?’ होय म्हटले की माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि नाही म्हटले की छायाचित्र परत देतो. बांधणाऱ्याचे नाव सापडले की आपले कुतूहल संपते. पण ते घर कोणत्या साली सोडले गेले, कोणी सोडले आणि त्या साली आजूबाजूच्या जमिनीचे काय झाले, हे विचारणारा श्रोता मला क्वचितच भेटतो. माझ्या मते गावाचा खरा इतिहास या दुसऱ्या प्रश्नांत आहे, आणि तो पेशवाईइतका लांबचाही नाही.

आपल्याकडे शेतकरी शेतात राहत नसे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तो गावठाणात, पांढरीत राहत असे आणि सकाळी काळ्या रानात जात असे. 1820च्या सुमारास थॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने नगर रस्त्यावरच्या लोणीकंदची बारकाईने पाहणी करून ठेवली आहे, आणि तिच्यात मातीच्या तटाआड दाटीने वसलेले गाव दिसते. त्याच गावाची पुन्हा पाहणी सुमारे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी केली. एका साध्या गावाकडे इतक्या अंतराने दोनदा निरखून पाहिले गेले, हे पुणे जिल्ह्याचे भाग्यच म्हणायचे. तेव्हा भर रानात, विहिरीच्या काठी एखादा दुमजली वाडा उभा दिसला, तर तो तेथे का आहे, येथूनच विचाराला सुरुवात होते. चोर-दरोडेखोरांचे भय ओसरल्यावर माणूस तटाबाहेर पडला, प्लेगच्या वर्षांत गाव रिकामे करून रानात झोपड्या पडल्या आणि त्यांतल्या काही पुढे पक्क्या झाल्या, कालव्याचे पाणी आले आणि उसाची राखण करायला बिऱ्हाड हलले. यांतले कोणते कारण कोठे लागू पडते, हे प्रत्येक घरापाशी नव्याने ठरवावे लागते.

आता ज्या वाड्यामुळे हा विषय मला खऱ्या अर्थाने उलगडला, त्याबद्दल थोडे सविस्तर बोलतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण घराण्याचे वारस आणि शेजारी, दोघेही आज नांदते आहेत. जिल्ह्याच्या पूर्वेला, भीमेपासून फार लांब नाही, असे ते ठिकाण आहे. घडीव दगडाचे जोते, त्यावर भाजक्या विटांचा पुरुषभर थर आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती. दिंडी दरवाजाची चौकट उभी होती, पण दारे नव्हती. अडसर सरकवण्याची भिंतीतली खोबण मात्र शाबूत होती. वरच्या मजल्याच्या तुळया कोणीतरी करवतीने कापून नेल्या होत्या. असे लाकूड कोठे जाते हे आपण सर्वजण जाणतो: महामार्गावरच्या उपाहारगृहांत त्याच्या चौकटी उभ्या राहतात आणि शेजारी ‘पेशवेकालीन’ अशी पाटी लागते. घराचे छप्पर टिकले तर भिंती शंभर वर्षे टिकतात, आणि तुळया काढल्या की दोन पावसाळ्यांत पांढरी माती विरघळून जाते. लाकूड विकत घेणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसते, असे मानायला मी तयार नाही.

माजघराच्या मधोमध मोठा खड्डा खणलेला होता. बरोबर आलेली गावातली तरुण मुले उत्साहाने सांगू लागली की येथे गुप्तधन होते, त्यावर नाग होता, मरताना मालकीणबाईंनी शाप दिला म्हणून वाड्यात कोणी टिकले नाही, आणि खाली एक भुयार आहे ते थेट शनिवारवाड्यात निघते. (पुणे जिल्ह्यातली सगळी भुयारे खरोखर शनिवारवाड्यात निघत असती, तर एव्हाना आपल्या वाहतुकीचा प्रश्न सुटला असता.) आम्ही खड्ड्यात विजेरीचा झोत सोडला. निमुळते तोंड, खाली रुंद होत गेलेले पोट, आतून नीट लिंपलेल्या भिंती. ते पेव, म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीखालचे कोठार होते. पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकते, मात्र उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते, कारण साचलेल्या हवेने माणूस गुदमरतो. माजघराला लागून जाड भिंतीत एक बळद, म्हणजे धान्याची बंदिस्त खोलीही होती. एका कुटुंबाला खायला एवढे धान्य लागत नाही. याचा अर्थ हे घर धान्य पिकवणाऱ्याचे जितके होते, त्याहून अधिक ते कुळांकडून खंड म्हणून धान्य घेणाऱ्याचे होते.

पलीकडच्या वस्तीवर एक वृद्ध आजी होत्या. त्यांना शापाची गोष्ट विचारली, तेव्हा त्या नातवंडांवर रागावल्या. म्हणाल्या, “शाप न्हाई आन् बिप न्हाई. बाई हुत्या तवर वाड्यात दिवा लागत हुता. बाई गेल्या, जिमिनी आमच्या झाल्या. मंग हितं ऱ्हाऊन त्येंच्या पोरांनी खायाचं काय, बाबा?” इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा नेमके विधान हाती लागणे कठीण आहे.

त्यानंतर आम्ही फेरफाराच्या, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या, जुन्या नोंदी काढल्या आणि आजींचा शब्द न् शब्द कागदावर उतरलेला दिसला. 1948चा कूळकायदा आपल्याला माहीत आहे. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, म्हणजे त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले, हेही बहुतेकांना ठाऊक असेल. परंतु त्याच कायद्यात कलम 32-फ आहे, आणि त्यानुसार जमीनमालक विधवा असेल तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जाते. या वाड्याच्या जमिनी अनेक वर्षे तशाच राहिल्या, कारण सातबारावर एका विधवेचे नाव होते. तिच्या निधनानंतर वारसनोंद झाली, आणि त्यानंतर 32-ग प्रमाणे खरेदीची किंमत ठरून कुळांची नावे मालकी सदरी लागली. बाईंचा दिवा विझणे आणि जमीन हस्तांतरित होणे या दोन घटना गावाच्या आठवणीत एकमेकींना चिकटल्या आणि पुढच्या पिढीत त्यांचा शाप झाला. मुले पुण्या-मुंबईला नोकरीत होती. जमीन गेल्यावर हातात राहिला तो वाडा, त्याच्या चारी बाजूंना दुसऱ्याची शेते, आणि दरवर्षी कौले चाळायला पैसा नाही. पुढे वारसांच्या याद्या वाढत गेल्या. सर्वांच्या सह्यांशिवाय ना दुरुस्ती होऊ शकत होती ना विक्री.

यात कोणी खलनायक शोधू नये, अशी माझी विनंती आहे. कायदा कसणाऱ्याच्या न्यायासाठी झाला आणि तो न्याय त्या आजींच्या घराला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही जाता जाता त्यांनी दाखवलेली गोष्ट मी विसरू शकत नाही. पडक्या देवघराच्या कोनाड्यात तेलाचे ताजे डाग होते. जमीन नावावर झाल्यानंतरही कुळाच्या घरातून तेथे दिवा लावण्याची पद्धत चालू आहे. कोणत्याही फेरफारात याची नोंद नाही, आणि ती करण्यासाठीच आपल्यासारख्यांनी अशा ठिकाणी गेले पाहिजे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, वेळ थोडा उरला आहे. पद्धत सांगायची राहिली, ती आता भरभर सांगतो.

आधी घर पाहावे. पश्चिमेकडे मावळात उतरती कौलारू छपरे, पूर्वेकडे कमी पावसाच्या भागात माळवदे, म्हणजे मातीची सपाट छपरे. माळवदावर खारी माती घालतात, कारण तिच्यात गवत रुजत नाही. तेव्हा माळवदावर झुडपे दिसली की माती घालणे कधीच थांबले आहे हे कळते. मंगळुरी कौलांवर कारखान्याचे नाव असते. तो उद्योग मंगळुरास 1865मध्ये बासेल मिशनने सुरू केला, त्यामुळे तसे छप्पर त्यानंतरचेच. मात्र छप्पर बदलता येते, म्हणून कौल दुरुस्तीचा काळ सांगते, बांधणीचा नव्हे. विहिरीवर मोटेची धाव (बैलांची वाट) आणि थारोळे (मोटेचे पाणी पडण्याची जागा) आहे की इंजिनाचा चौथरा आहे, तेही टिपावे, कारण त्यावरून बागायत कधी वाढली याचा अंदाज येतो. तुळयांची टोके जळलेली असतील तर जळिताची चौकशी हळुवारपणे करावी. जानेवारी 1948 अखेर गांधीजींच्या हत्येनंतर खेड्यांतले अनेक ब्राह्मणवाडे जाळले गेले, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंची माणसे आजही खाली आवाजात बोलतात.

मग कागद. सातबारावरून फेरफार क्रमांक घ्यावेत आणि एकेक नोंद धरून मागे जावे. जमीन एकत्रीकरणात जुन्या सर्वे नंबरांचे गट झाले आहेत, तो मेळ आधी घालावा, नाहीतर दुसऱ्याच शेताचा इतिहास लिहिला जाईल. आपल्या जिल्ह्यात सर्वे फार लवकर झाला. इंदापूर तालुक्यातली 1836ची जमाबंदी, म्हणजे शेतसाऱ्याची आकारणी, ही त्या पद्धतीची सुरुवात मानली जाते. वतनदारांची घरे असतील तर कुलकर्णी वतने 1950च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटीलकी 1962च्या कायद्याने, ही वर्षे मनात ठेवावीत. त्यामागे जायचे तर पुणे अभिलेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने कागदांचे गठ्ठे आहेत, आणि तेथे मोडी वाचता आली पाहिजे. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात. सावकाराच्या घरात जुने कर्जरोखे सापडतील अशी आशा असेल, तर मे 1875मध्ये सुप्यातल्या सावकारविरोधी दंग्यात तेच जाळले गेले हे आठवावे. शेतकऱ्यांचा राग तेव्हा मुख्यतः कागदांवरच निघाला होता.

धरणांखाली गेलेली घरे हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. मुळशीबद्दल बोलायला आज वेळ नाही. उजनीचे पाणी उन्हाळ्यात उतरते तेव्हा जुन्या पळसदेवचे मंदिर उघडे पडते. तेथे जाणाऱ्यांनी मंदिराइतकेच घरांच्या जोत्यांकडेही लक्ष द्यावे.

शेवटचे, आणि हे घाईत असले तरी कृपया लिहून घ्यावे. मालकाची आणि कसणाऱ्याची, दोघांची परवानगी घ्यावी. एकट्याने आत जाऊ नये, वरच्या मजल्यावर चढू नये, पेवात उतरू नये. कौलाचा तुकडासुद्धा उचलून आणू नये. मोजमापे वैशाखाच्या आत घ्यावीत, कारण पावसाळ्यानंतर तीच भिंत तेथे असेल याची खात्री नसते. आणि जे टिपण तयार होईल त्याची एक प्रत वारसांना व दुसरी पलीकडच्या वस्तीवर द्यावी.