फिटरकडून वायरमनकडे
(पुण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायला लागण्याआधी हा प्लग पुढच्या रांगेत देतो. बघा आणि मागे द्या. हात लावायला हरकत नाही, तो कधीच मेलाय. पंधरा अँपिअरचा, म्हणजे आपण ज्याला पॉवर प्लग म्हणतो तो. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं दिसेल. नाकाजवळ नेलात तर वासही येईल. हा माझ्या मोटरसायकलच्या चार्जरचा प्लग.

मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकलला. राहायला आंबेगावला. जाऊन-येऊन साधारण ५५ किलोमीटर होतात, त्यातले बरेचसे हायवेचे. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली, आज तिचे ४३ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव विचारू नका. पुढे मी तिच्याबद्दल थोडं वाईटही बोलणार आहे, आणि माझ्या एका गाडीवरून अख्ख्या कंपनीला झोडपणं बरोबर नाही.

तेव्हा पुणेकरांना ही वस्तू अगदी परकी नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये रिव्होल्टची मोटरसायकल आली ती आधी दिल्लीत आणि पुण्यात. टॉर्क कंपनी तर इथलीच, तिची क्रॅटॉस ही मोटरसायकल जानेवारी २०२२ मध्ये आली. तरी सोसायटीत सगळे म्हणाले, स्कूटर घे. मला मोठी चाकं हवी होती. नवले पुलापासून पुढचा सर्व्हिस रोड पावसाळ्यात ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको.

शोरूममध्ये एक वाक्य तीन वेळा ऐकलं : ‘सर, याला मेंटेनन्सच नाही.’ ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, एअर फिल्टर नाही, क्लच नाही. खरं आहे. पण माझं उभं आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलंय, त्यामुळे ‘मेंटेनन्स नाही’ म्हटलं की मला घाम फुटतो. मेंटेनन्स कुठे जात नाही हो, जागा बदलतो. पूर्वी गाडी फिटरची होती, आता ती वायरमनची झाली, एवढाच फरक. गॅरेजमध्ये जे काम होतं ते आता तुमच्या पार्किंगमधल्या स्विचबोर्डावर आलंय.

तो प्लग त्यामुळेच आणला. माझा चार्जर चार-साडेचार अँपिअर घेतो. गीझर त्याच्या दुप्पट घेतो. मग गीझरचा प्लग वितळला नाही आणि हा का वितळला? गीझर पंधरा मिनिटं चालतो, हा सलग अडीच-तीन तास. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली की पिन नीट धरली जात नाही. समजा त्या सैल जोडात अर्धा ओहम रोध आला. करंटचा वर्ग गुणिले रोध, झाले दहा वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेडिओवाल्याकडचा डाग द्यायचा सोल्डर पंचवीस वॉटचा असतो. त्याच्या जवळजवळ निम्मी उष्णता त्या एका पिनेच्या टोकाशी, रोज रात्री अडीच-तीन तास. आणि तापलं की पट्टी आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापतं.

यातला लाजिरवाणा भाग असा, की मी दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांची टर्मिनलं घट्ट करतो, वायरच्या टोकाच्या लगवर हात ठेवून गरम आहे का बघतो. आणि घरी पार्किंगमध्ये बिल्डरनं बसवलेल्या सॉकेटकडे सात महिने पाहिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

म्हणून गाडी बुक करण्याआधी वायरमन बोलवा. मीटरपासून स्वतंत्र लाइन, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिला वेगळी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच, आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आणि चांगल्या मेकचं सॉकेट. अर्थिंग नुसतं आहे म्हणून चालत नाही, मोजून घ्यायचं. बऱ्याच जुन्या इमारतींत अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि मागे कशालाच जोडलेली नसते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. सोसायटीच्या परवानगीबद्दल बोलत नाही, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, दोन दिवसांचं. आणि हो, महिन्यातून एकदा चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की बटण बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळ बोट न्या. कोमट असेल तर ठीक. बोट झटक्यात मागे आलं तर सॉकेट बदला.

त्याच लाइनवर मी एक सबमीटर बसवला, म्हणजे फक्त त्या लाइनचे युनिट मोजणारा छोटा मीटर. खर्च थोडा, उपयोग फार मोठा. गाडीच्या स्क्रीनवरचे टक्के हा कंपनीचा अंदाज असतो, सबमीटरचे युनिट खरे. गाडी नवी असताना १० टक्क्यांपासून १०० पर्यंत भरायला साडेतीन युनिट लागत. आज ३.१ लागतात. म्हणजे तीन वर्षांत, पाचशेच्या आसपास पूर्ण चार्जनंतर, बॅटरी साधारण ११-१२ टक्क्यांनी उतरली. हे वाईट नाही. पण कंपनीच्या ॲपवर बॅटरीची तब्येत अजूनही ‘उत्तम’ दिसते, त्याचं मला कौतुक वाटतं.

बॅटरी कशानं म्हातारी होते? वापरानं होतेच, पण त्याहून जास्त दोन गोष्टी एकत्र आल्या की : पूर्ण भरलेली असणं आणि गरम असणं. एप्रिलमध्ये दुपारी उन्हात शंभर टक्के भरून उभी केलेली गाडी चालत नसतानाही झिजत असते. म्हणून घरी पोचल्याबरोबर मी प्लग लावत नाही. जेवण करतो, बातम्या बघतो, मग खाली येतो. रोजच्यासाठी ८०-८५ टक्के भरतो. मात्र इथं एक पथ्य पाळा. तुमची बॅटरी कोणत्या रसायनाची आहे ते विचारून घ्या. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची असेल तर मी सांगतोय ते बरोबर. एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची असेल तर मधेमधे शंभरपर्यंत भरावीच लागते. त्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे आत नक्की किती उरलंय हे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, कळत नाही. वर टोकाला नेलं की त्याचा हिशोब जुळतो, सेलही एका पातळीला येतात. नाहीतर स्क्रीनवर २२ टक्के दिसत असताना गाडी चांदणी चौकात मान टाकायची.

शंभर टक्क्यांवरून आठवलं. आंबेगावाहून सकाळी निघालं की सुरुवातीलाच नवले पुलाकडचा उतार लागतो. एरवी ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर होते, गाडी स्वतःच मंदावते आणि थोडा करंट बॅटरीत परत जातो. एकदा रजेनंतर गाडी काठोकाठ भरून निघालो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला, तर गाडी सुसाट. बॅटरीत जागाच नव्हती, करंट घालणार कुठे? बिघाड नव्हता, पण मागे ट्रक आणि पुढे टेम्पो असताना हे शास्त्र आठवत नाही. ब्रेक लावला, वाचलो. त्या उतारावरचे अपघात पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहेत.

आणि ब्रेकचं उलटंच होतं. मोटर वेग कमी करते म्हणून ब्रेक पॅड झिजत नाहीत, याचा आपल्याला आनंद. पण न वापरलेला ब्रेक पावसाळ्यात गंजतो, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होतात. जूनपासून मी दिवसातून दोन-तीनदा मुद्दाम जोरात ब्रेक लावतो, मागे कुणी नाही बघून. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ती गरज इंजिनाबरोबर गेलेली नाही.

चेन असेल तर ती लवकर ढिली होते. मोटरचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, तो धक्का चेन आणि मागचा टायर खातो. आवाजाचं म्हणाल तर गंमत आहे. इंजिनाच्या आवाजाखाली पूर्वी झाकलेलं सगळं आता ऐकू येतं : चेनची खरखर, बेअरिंगची घरघर, नंबर प्लेटची थरथर. पहिल्या महिन्यात मी दर आठवड्याला गाडी मोडली असं समजत होतो.

पाण्याबद्दल. बॅटरीच्या पेटीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. म्हणजे मीटरभर स्थिर, स्वच्छ पाण्यात अर्धा तास. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचं त्यात काही लिहिलेलं नाही. माझा कनेक्टर तिथंच गेला, आतल्या पिनांवर हिरवं चढलं आणि गाडी रस्त्यात अडून बसली. घरी बादली आणि फडकं, बस. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तसं तुमच्या पार्किंगमध्ये शिरलं, तर बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही, चार्जिंगला तर नाहीच. उघड्यावर, इमारतीपासून दूर उभी करा आणि सर्व्हिसवाल्यांना बोलवा. बॅटरीत गेलेल्या पाण्याचा परिणाम काही दिवसांनीही दिसू शकतो.

आता वाईट बोलायचं ते. मागच्या वर्षी माझा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा भाग, गेला. वॉरंटीत होता, पैसे पडले नाहीत. पण पार्ट यायला २२ दिवस लागले. जवळचं सर्व्हिस सेंटर मधल्या काळात बंद झालं होतं, टेम्पोत घालून गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागली. आमच्या कोपऱ्यावरचा मेस्त्री, ज्यानं माझ्या तीन गाड्यांची इंजिनं उघडली, तो हिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, ‘साहेब, हिला मी हात लावणार नाही.’ त्याचं बरोबरच होतं. ७२ व्होल्ट म्हणजे फार नाही वाटत, पण बॅटरीची दोन टोकं पान्यानं जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात. हातात अंगठी असेल तर बोटाचं काही खरं नाही. म्हणून घेताना मायलेज शेवटी विचारा. आधी विचारा, की कंट्रोलर, चार्जर आणि डिस्प्ले पुण्यात स्टॉकला आहेत का.

हिशोब सगळ्यांना हवा असतो, तो सांगून टाकतो. रोज भिंतीतून अडीच युनिट. आमचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणून युनिटला १२ रुपये धरा : ३० रुपये. पेट्रोल १०४ रुपये आणि ५० चं ॲव्हरेज धरलं तर ११४. दिवसाला ८४ रुपये वाचतात, २७० दिवसांचे साडेबावीस हजारांच्या वर. त्यातून वेगळी लाइन, टेम्पो आणि २२ दिवसांच्या रिक्षा वजा करायला विसरू नका. शोरूममधला माणूस त्या वजा करत नाही.

(श्रोत्यांमधून एका ताईंनी विचारलं : रात्री चार्जिंगला लावून झोपलं तर चालतं का?)

ताई, २०२२ च्या मार्चमध्ये लोहगावला भर रस्त्यात एक स्कूटर पेटली, तेव्हापासून माझी बायकोही हेच विचारते. त्या वर्षीच्या आगींनंतर बॅटरीचे नियम कडक झाले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत जादा तापमान सेन्सर आणि धोक्याचा इशारा देणारी सोय सक्तीची झाली. माझी गाडी त्याआधीची. म्हणून मी टायमर लावतो, चार्जिंग रात्री साडेदहाच्या आत संपतं, आणि वर जाताना प्लग काढून ठेवतो. तुमची नवी असेल तरी जिन्याखाली, मीटर रूमच्या शेजारी लावू नका. खाली काही झालं तर वरच्यांना उतरायला तीच एक वाट असते.

तो प्लग कुठपर्यंत पोचला? मला परत द्या बरं का. रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवायचाय, अजून दोघांनी गाड्या बुक केल्यात आणि सॉकेट तेच बिल्डरचं आहे.