उजेडावरून वजन

(दृश्य: मोंढा, सकाळ. ज्वारीची रास.)

"काका, किती भरंल?"
"सोळा-सतरा क्विंटल."

मापाडीकाकांनी राशीला हातही लावला नाही. काट्यावर आकडा त्याच्या आसपासच आला.

(दृश्य: अंबाजोगाईजवळ बालाघाटाचा माथा. चैत्रातली अवसेची रात्र.)

आमची रास जरा लांब आहे, 17 हजार प्रकाशवर्षं. चित्रा दक्षिणेला उंच आली की तिच्यापासून सरळ खाली उतरायचं. क्षितिजाच्या जेमतेम 24 अंश वर, नरतुरंग तारकासमूहात, एक धुरकट ठिपका. ओमेगा सेंटॉरी. 1603 च्या आकाशाच्या नकाशात बायर या जर्मन नकाशाकारानं याला तारा समजूनच ओमेगा हे ग्रीक अक्षर दिलं होतं.

(दृश्य: दुर्बिणीतून. काही क्षण शांतता.)

हा गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे लाखो ताऱ्यांचा चेंडूसारखा पुंजका. याचं वजन करायचंय, आणि हातात आहे फक्त उजेड.

दिवा दुप्पट लांब नेला की उजेड पावपट उरतो. अंतर माहीत असलं की हा हिशोब उलटा फिरवता येतो. गुच्छाचा खरा उजेड निघतो सुमारे 11 लाख सूर्यांएवढा.

मग वजनही 11 लाख सूर्य?

(दृश्य: माथ्यावरून गावाचे दिवे.)

खाली बघा. सगळ्यात जास्त उजेड पेट्रोल पंपावर, आणि तिथं माणसं दोन. गाव राहतं ते त्या मिणमिणत्या बल्बांखाली. गुच्छातही असंच. फुगलेले तांबडे राक्षसी तारे शेकडो सूर्यांएवढे उजळतात, पण वजनाला सूर्याहूनही कमी. वजन असतं ते लाखो खुज्या ताऱ्यांचं, ज्यांचा उजेड हिशोबात धरावा एवढाही नाही. शिवाय विझत चाललेले श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे. म्हणून दर धरतात: एका सूर्याच्या उजेडामागे साधारण दोन सूर्यांचं वस्तुमान.

म्हणजे 22 लाख. हा झाला नजरअंदाज.

काटाही आहे: ताऱ्यांचे वेग. गुच्छ जितका जड, तितके आतले तारे जोरात पळतात, आणि तो वेग वर्णपटात, म्हणजे उजेडाच्या फोडलेल्या रंगपट्ट्यात, पकडता येतो. शौरी तारकासमूहातल्या एम 13 या दुसऱ्या गुच्छाला आपला दर चपखल बसतो, साडेचार लाखांच्या आसपास. ओमेगा सेंटॉरी मात्र काट्यावर 25 ते 40 लाख भरतो. हा साधा गुच्छ नसून आपल्या आकाशगंगेनं गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा गाभा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

(दृश्य: दक्षिणेकडचा फाटा. अंधार.)

हे सगळं दिसलं, कारण फाट्यावरची लाइट गेलेली होती. साडेबाराला आली. हायमास्ट पेटला.

(दृश्य: तोच कॅमेरा, तीच दिशा. ठिपका नाही.)