बक्कल कुठे आहे?

(दृश्य: कोरा कागद. पेन्सिलीचा आवाज. निवेदनासोबत एकेक वस्तू उमटत जाते.)

डोक्यावर पोलादी टोपी. तिच्याखालून निसटलेले लालसर सोनेरी केस. अंगात बारीक कड्यांचं तुर्की चिलखत, ढगळ विजारीत खोचलेलं. मांडीपर्यंत चढलेले चामडी बूट. कमरेला हिरव्या रेशमाचा शेला, त्यात दोन पिस्तुलं आणि एक खंजीर, आणि शेल्यालाच लटकवलेली लांब हंगेरियन तलवार. या सगळ्यावर सहज टाकलेला किरमिजी झगा.

ही रोगातिनोची सोन्या. टेक्सासमधल्या रॉबर्ट ई. हॉवर्डने लिहिलेली तिची गोष्ट जानेवारी १९३४ मध्ये छापून आली. काळ १५२९ चा, तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हाचा. सोन्या तटावर, तोफांच्या धुरात लढते आणि ज्या कामाला उभी आहे त्या कामाचेच कपडे तिच्या अंगावर आहेत. पिस्तूल खोचायला शेला लागतो. घोड्यावर बसायला ढगळ विजार लागते. हॉवर्ड तिच्या बांध्याचं कौतुक करतो, तिला देखणी म्हणतो, पण तिच्या अंगावरची एकही वस्तू काढून घेत नाही.

(दृश्य: खोडरबर. झगा पुसला जातो. मग विजार. मग चिलखत.)

१९७३ साली रॉय थॉमस आणि बॅरी विंडसर-स्मिथ यांनी तिला व्हिएन्नाच्या तटावरून उचलून कॉनन या रानदांडग्या योद्ध्याच्या काल्पनिक युगात आणलं. कॉमिकमध्ये तिचं नाव झालं रेड सोन्जा. तेव्हाही तिच्या अंगात कड्यांचं चिलखत होतं, खाली मात्र लाल आखूड चड्डी आली होती. मग एस्तेबान मारोतो या स्पॅनिश चित्रकाराने, कोणी सांगितलेलं नसताना, आपल्या मनाने तिचं एक चित्र काढून पाठवलं. ते १९७४ मध्ये छापलं गेलं. त्यात उरली होती धातूच्या चकत्यांची बिकिनी. तेव्हापासून सोन्जा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तीच बिकिनी येते.

चाळीस वर्षांत एका बाईच्या अंगावरचे कपडे कसे कमी होत गेले, त्याचा हिशेब मांडावासा वाटला म्हणून ही फिल्म केली. मी चित्रं काढते. गेली काही वर्षं खेळांसाठी आणि पुस्तकांसाठी योद्धे काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे हा हिशेब माझ्या टेबलावरचाही आहे.

(दृश्य: मुंबई, फाउंटनचा फूटपाथ. जुन्या पुस्तकांच्या चळती.)

मी असली चित्रं पहिल्यांदा पाहिली ती फाउंटनच्या फूटपाथवर, कॉलेजात असताना. कोपरे दुमडलेली इंग्रजी पेपरबॅक पुस्तकं होती. एका मुखपृष्ठावर बर्फ, मागे लांडगे आणि पुढे तलवार उगारलेली बाई. बर्फात, आणि जवळजवळ उघडी. मला ते चित्र फार आवडलं होतं, आणि आजही आवडतं. त्या बाईचे खांदे भक्कम होते, तिची नजर कोणाला घाबरणारी नव्हती, आणि मला तोवर चित्रात भेटलेल्या बायका एक तर पाणी भरत असायच्या नाहीतर वाट बघत असायच्या. कपड्यांचा विचार माझ्या मनात आला तो बऱ्याच वर्षांनी, स्वतः असं चित्र काढायला बसले तेव्हा. पट्टा कुठून कुठे न्यायचा, हेच कळेना. ती बिकिनी अंगावर टिकेलच कशी?

आवडनिवड हा वादाचा विषय नाही, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याला एखादी गोष्ट का आवडते हे खोदून पाहण्यासारखं असतं. खोदल्यावरही ती आवडत राहिली, तर ती आवड आणखी पक्की होते.

(दृश्य: १९३४ चा ऑक्टोबर. पिवळा पडलेला मासिकाचा कागद.)

त्याच १९३४ सालातली आणखी एक गोष्ट. 'वीर्ड टेल्स' या अमेरिकन मासिकाच्या ऑक्टोबरच्या अंकात जिरेल ही योद्धा नायिका अवतरली. गोष्टीच्या सुरुवातीला जॉयरीचा किल्ला पडलेला आहे. जिंकणारा सरदार हरलेल्या सेनापतीला दोरांनी बांधून समोर आणवतो आणि त्याचं शिरस्त्राण काढायला लावतो. आतून निघते एक बाई. लाल केस, पिवळेधमक पेटलेले डोळे. हा सगळा प्रसंग उभा आहे एकाच गोष्टीवर: चिलखत इतकं पुरतं अंगभर आहे की आत बाई आहे हे कोणाला कळलेलं नाही.

आणि मुखपृष्ठ? मुखपृष्ठावर झिरझिरीत झग्यातली एक स्त्री काळ्या पुतळ्याला मिठी मारते आहे. चिलखताचा मागमूस नाही.

ही गोष्ट लिहिणारी बाई होती. कॅथरीन मूर. ती इंडियानापोलिसला बँकेत नोकरी करायची. आपण कथा लिहितो हे बँकेत कळू नये म्हणून 'सी. एल. मूर' अशी आद्याक्षरं लावायची. मुखपृष्ठ रंगवणारीही बाईच. शिकागोची मार्गारेट ब्रंडेज. ती पेस्टलच्या खडूंनी काम करायची आणि सही करायची 'एम. ब्रंडेज', त्यामुळे बऱ्याच वाचकांना सुरुवातीला पत्ताच नव्हता की या उघड्या बायका एक बाई काढते आहे. मंदीचे दिवस होते. मुलगा आणि आजारी आई, दोघांचं तिच्या कमाईवर चालायचं. एका मुखपृष्ठाचे तिला ९० डॉलर मिळत. तिची चित्रं खपतात हे संपादकालाही ठाऊक होतं आणि लेखकांनाही. मुखपृष्ठ आपल्या कथेला मिळावं म्हणून काही लेखक कथेत मुद्दाम तसा प्रसंग घालायचे.

त्यामुळे 'पुरुषांनी बायकांना उघडं केलं' एवढ्या एका वाक्यात हा विषय मावत नाही. ब्रंडेजच्या खडूकामात एक मऊ उजेड आहे. मी तासन् तास त्याच्याकडे बघू शकते. पण ते चित्र जिरेलचं नाही. शिरस्त्राणातून बाहेर आलेला तो संतापलेला चेहरा त्यात कुठेही नाही.

लिहिलेलं एक आणि रंगवलेलं दुसरं, असं आपल्याकडेही झालं आहे. १५९५-९६ चा अहमदनगरचा वेढा. मोगलांनी सुरुंग लावून तट फोडला, तेव्हा चांदबीबी अंगात चिलखत, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात उतरली, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. नंतरच्या दख्खनी चित्रांत ती आपल्याला दिसते ती बहिरी ससाणा घेऊन शिकारीला निघालेली, घोड्यावर, उंची वस्त्रांत. सुंदरच चित्रं आहेत ती. पण बुरखा आणि चिलखत एकाच देहावर चढवलेली, तट रात्रीतून पुन्हा उभा करून घेणारी ती बाई मला अजून कोणाच्या चित्रात भेटायची आहे.

(दृश्य: मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. काचेआड अकबराचं चिलखत आणि ढाल.)

आता खरं चिलखत कसं असतं ते पाहू. इथे मला थोडा जास्त वेळ द्या, कारण मला यातच खरी गंमत वाटते.

युरोपात पंधराव्या शतकात लढाईसाठी घालत तो डोक्यापासून पायापर्यंतचा पोलादी पोशाख साधारण २० ते २५ किलोंचा. आकडा मोठा वाटतो, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असतं आणि त्याचा बराचसा भार कमर घेते. म्हणून तर त्या चिलखतांची कंबर बारीक असते, पुरुषांच्या चिलखतांचीसुद्धा. आत जाड, शिवलेला, गादीसारखा अंगरखा. तलवारीचा वार पोलाद अडवतं, पण त्याचा दणका अंगात शिरतो तो ही गादी झेलते. उघड्या कातडीवर नुसतं पोलाद घातलं तर पहिल्या तासाभरात ते घालणाऱ्याचीच सालं काढेल.

छातीचा पत्रा फुगीर असतो. पत्रा आणि छाती यांच्यात जागा सोडलेली असते. कारण साधं आहे: भाल्याचं टोक गोल पृष्ठभागावर आलं की घसरून बाजूला जातं. त्या जागेत बाईची छातीही मावते, वेगळे उंचवटे काढावे लागत नाहीत. काढलेच, तर दोन उंचवट्यांमध्ये घळ तयार होते. टोक बाजूला जायच्या ऐवजी त्या घळीत, म्हणजे नेमकं छातीच्या मधल्या हाडावर येतं.

'अहो, इथे ड्रॅगन उडताहेत आणि तुम्ही पत्र्याचा आकार काय बघता?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी ड्रॅगनही काढते. त्याचा पंख खांद्याला कुठे जोडला आहे ते दिसलं नाही तर तो उडत नाही, कागदाला चिकटून राहतो. कल्पनेतल्या वस्तूला सांधा लागतोच, खऱ्या वस्तूपेक्षा जास्तच लागतो.

पण इतिहासाचा हवाला देऊन 'खरं चिलखत फक्त उपयोगाचं असायचं' असं कोणी म्हणालं, तर तेही खरं नाही.

(दृश्य: ऑगस्टसचा संगमरवरी पुतळा.)

व्हॅटिकनमधला हा रोमचा सम्राट ऑगस्टस. त्याच्या उरस्त्राणावर छातीचे, पोटाचे स्नायू घडवलेले आहेत. आणि लंडनच्या टॉवरमध्ये आहे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं १५४० च्या सुमाराचं चिलखत. राजा तोवर चांगलाच स्थूल झाला होता. कमरेखाली, दोन मांड्यांच्या मध्ये, त्या चिलखताला पुढे आलेला एक भलामोठा पोलादी उंचवटा आहे. तिथे नजर जावी म्हणूनच तो घडवला आहे. त्या काळच्या पुरुषांच्या कपड्यांचीच ती फॅशन, पोलादात उतरलेली.

म्हणजे चिलखतात देह मिरवणं जुनंच आहे, आणि पुरुषांनीही ते हौसेने केलं आहे. फरक मला दिसतो तो असा: हेन्रीच्या चिलखतातली मिजास हेन्रीची आहे. त्याने कारागिरांना माप दिलं, त्याने पैसे मोजले. त्या उंचवट्यात मला एक माणूस दिसतो, म्हातारा व्हायला घाबरणारा. सोन्जाच्या बिकिनीत मला सोन्जा दिसत नाही. ती थंडीत काय करते, ती कशाला भिते, तिला काय मिरवायचं आहे, काहीच कळत नाही. कळतं ते बघणाऱ्याला काय हवं आहे एवढंच.

उघडा कॉनन मग वेगळा का वाटतो? हॉवर्डच्या कथांत तोही कितीदा तरी चिलखत घालतो. १९६६ पासून फ्रँक फ्रझेटाने मुखपृष्ठांवर त्याचे कपडे उतरवले. पण फ्रझेटाचा कॉनन उघडा असतो तेव्हा त्याचा प्रत्येक स्नायू कामाला लागलेला असतो. वजन कुठल्या पायावर आहे ते कळतं. फ्रझेटाच्या हातून काही बायकाही तशा उतरल्या आहेत, पण बऱ्याचशा कॉननच्या पायाशी आहेत. फ्रझेटा मला फार मोठा चित्रकार वाटतो. त्या पायाशी बसलेल्या बायका मात्र मला त्याच्या चित्रातली सगळ्यात आळशी जागा वाटतात.

(दृश्य: सत्तरच्या दशकातलं कॉमिक संमेलन. रेखाचित्र, फोटो नाही.)

आणि तरीही. वेंडी पिनी नावाची तरुण चित्रकार सत्तरच्या दशकात संमेलनांतून सोन्जा बनून यायची, तीच धातूची बिकिनी घालून. सोन्जाची कॉमिक्स काढणारा फ्रँक थॉर्न जादूगाराच्या वेशात, आणि दोघं मिळून रंगमंचावर प्रयोग करायचे. पुढे पिनीने स्वतःची मोठी चित्रकथा उभी केली. तिने ती बिकिनी स्वतःच्या मर्जीने घातली, तेव्हा तो पोशाख बदलला. त्यात राहणारं कोणीतरी आलं. २०१३ मध्ये गेल सिमोन ही लेखिका सोन्जा लिहू लागली आणि पहिल्या अंकाची मुखपृष्ठं स्त्री-चित्रकारांनी केली. बिकिनी तिथेही गेली नाही. ज्यांना ती आवडते त्यांच्याकडून ती हिसकावून घ्यावी असं मलाही वाटत नाही.

मला काय आवडतं ते सांगते.

१४२९ साली फ्रान्समधल्या तूर गावी, इंग्रजांशी लढणाऱ्या जोन ऑफ आर्कसाठी चिलखत बनवलं गेलं. शंभर लिव्र, म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन, दिल्याची नोंद सापडते. त्याच वर्षी ७ मे रोजी ऑर्लेआँला तिला बाण लागला, मान आणि खांदा यांच्या मधोमध. ८ सप्टेंबरला पॅरिसच्या तटाखाली दुसरा, मांडीत. पॅरिसनंतर तिने आपलं चिलखत सें-दनीच्या चर्चमध्ये अर्पण केलं. ते आज कुठेही नाही. १८५४ मध्ये आँग्र या फ्रेंच चित्रकाराने तिला रंगवलं तेव्हा पोलादाखाली लांब घेरदार झगा दिला. बाई आहे हे कळायला हवं ना!

मला ते हरवलेलं चिलखत काढायचं असतं. साधं, बिननक्षीचं. मानेजवळची फट काढायची असते, कारण तिथे बाण लागणार आहे हे मला माहीत आहे आणि तिला नाही.

(दृश्य: रात्र. टेबलावरचा दिवा. अर्धवट चित्र.)

गेल्या वर्षी एका खेळासाठी मी योद्धा बाई काढून दिली. 'छान आहे, पण जरा आकर्षक करा' असं उत्तर आलं. मी विचारलं, म्हणजे काय? उत्तरात नुसतं पोट उघडं असलेलं एक चित्र आलं. मी ते काम सोडलं. पैशांची गरज होती, सोडताना जड गेलं.

ते चित्र मात्र मी पूर्ण करते आहे. पहाट आहे, छावणीत अजून अंधार. एक बाई दोन्ही हात किंचित वर धरून उभी आहे, कारण छातीचा आणि पाठीचा पत्रा जोडणारी बक्कलं काखेखाली असतात आणि आपली आपल्याला नीट लावता येत नाहीत. मागे दुसरी बाई, वयाने मोठी. पट्ट्याचं टोक तिने दातांत धरलंय, दोन्ही हातांनी बक्कल ओढते आहे. आतल्या अंगरख्याचा एक टाका उसवला आहे. पुढची बाई समोर कुठेतरी बघते आहे. तिचा श्वास थंडीत दिसतो.

(दृश्य: पेन्सिल दुसऱ्या बक्कलापाशी येऊन थांबते. मग पुन्हा चालू लागते.)