सड्यावरचा डोळा

[दृश्य: फोनचा पडदा. त्यावर काटक्यांचं मोठं घरटं. एक बोट पडद्याला टेकतं.]

सकाळचे पावणेसात. मी पुण्यात, ओट्याशी चहा गाळतोय. पडद्यावर घरट्याची कड दिसते, तिथे मी बोट टेकवलं. घाट उतरून सहा तासांवर, दापोली तालुक्यातल्या एका सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या कडेला, लोखंडी खांबावरच्या कॅमेऱ्याची मोटर अर्धा अंश सरकली. चित्र हळूच बाजूला झालं. मादी अंड्यांवर बसली आहे. वाऱ्याने तिच्या मानेवरची पिसं उलटी होतायत.

हा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. पंख पसरले की सुमारे दोन मीटर. पाण्यावरून मासा उचलतो, समुद्री सापही उचलतो. एकच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो आणि विणीच्या दिवसांत त्यात हिरवा पाला आणून घालतो. बहुतेकदा दोन अंडी. सहा आठवडे उबवायची, मग पिल्लू उडेपर्यंत आणखी दोन-अडीच महिने. कायद्याने या पक्ष्याला संरक्षण दिलंय. तरी हे घरटं कुठल्या गावात आहे ते मी या फिल्ममध्ये सांगणार नाही.

कारण मी स्वतः एकदा त्या झाडाजवळ उभा राहिलोय. हातात कॅमेरा, तिपाई गडग्याला टेकवलेली. मादी उठली आणि खाडीवर घिरट्या घालत राहिली. अंडी उन्हात उघडी. मला वाटलं, येईल आता. पाऊण तास गेला. शेवटी काका आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल रे, घरी चल. तिला बसू दे." त्या फोटोंतला एकही मी कुणाला दाखवला नाही.

[दृश्य: सड्याचा जांभा, सुकलेलं गवत, खाली माडांचे शेंडे आणि समुद्र.]

घरट्याचं आंब्याचं झाड उतारावर आहे आणि सडा त्याच्या वर. म्हणजे सड्याच्या कडेवरून थेट घरट्यात दिसतं. वनखात्याशी बोलून, वीण सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरात आम्ही तिथे खांब रोवला. शंभर वॅटचं सोलर पॅनल, एक बॅटरी, सिम घातलेला राउटर, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणि दोन स्टेपर मोटर, म्हणजे मोजून एकेक पायरी फिरणाऱ्या. एक कॅमेरा आडवा फिरवते, दुसरी वर-खाली.

दूरचा कॅमेरा इंटरनेटवरून बघणं जुनं आहे. केंब्रिज विद्यापीठात १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, कॉफी शिल्लक आहे का ते जागेवरून कळावं म्हणून. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने त्याच्यापुढचं केलं. वेबपेजवरून कुणीही यांत्रिक हात हलवायचा, त्यावरच्या कॅमेऱ्यातून खाली बघायचं आणि हवेच्या झोताने वाळू उडवून पुरलेल्या वस्तू शोधायच्या. बघणाऱ्याला तिकडचं काही हलवता येणं, ही ती खरी उडी होती.

तयार फिरते कॅमेरे बाजारात मिळतात. मग स्वतःचं सॉफ्टवेअर कशाला? तर माझ्या परवानगीशिवाय त्यात एकही हालचाल होऊ नये म्हणून. किती वेगाने फिरायचं, कुठवर फिरायचं, कधी अजिबात फिरायचं नाही, हे मला एकेका ओळीत लिहून ठेवायचं होतं.

[दृश्य: संगणकावर प्रोग्रामच्या ओळी. बाहेर पुण्यातली रहदारी.]

पहिली अडचण पत्त्याची. मोबाईल सिमवरच्या इंटरनेटला बहुधा स्वतःचा असा पत्ता नसतो. कंपनी कितीतरी ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते. बाहेरून त्या राउटरला हाक मारता येत नाही. गावात फक्त एसटीडी बूथ होता ते दिवस आठवतात? बूथवरून मुंबईला फोन लावता यायचा, पण मुंबईहून घरी नाही. मुंबईकर वाट बघत बसायचे, गावाहून फोन यायची. इथेही तसंच केलं. सड्यावरचा संगणक सुरू झाला की आपणहून भाड्याच्या एका सर्व्हरला फोन लावतो. मीही त्याच सर्व्हरशी जातो. दोघांची भेट तिथे. आणि फोन मध्येच तुटू नये म्हणून दर २५ सेकंदांनी तिकडून एक लहानसा "हं" येत राहतो.

दुसरी अडचण उशिराची. सुरुवातीला व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी यायचा, आठ-दहा सेकंद मागे. मी डावीकडचं बटण दाबायचो, चित्र जागचं हलायचं नाही, म्हणून आणखी दाबायचो, आणि दहा सेकंदांनी समोर घरट्याऐवजी नुसता समुद्र. पुढे व्हिडिओची पद्धत बदलली, उशीर एका सेकंदाच्या आत आला. तरी बटणावर माझा विश्वास बसेना. म्हणून बटणं काढूनच टाकली. आता चित्रात जिथे बोट टेकवाल ती जागा मध्यभागी येते. हिशेब सोपा आहे. चित्र १९२० ठिपके रुंद, भिंगाला दिसतो ६० अंशांचा पट्टा. म्हणजे एका अंशाला साधारण ३२ ठिपके. झूम करून ६ अंशच दिसत असतील तर ३२०. मोटरच्या एका फेरीत २०० पायऱ्या, प्रत्येकीचे १६ भाग, वर दातेरी पट्ट्याने वेग चौपट कमी. मिळून १२,८०० भाग. एका अंशाला पस्तीसेक. बारीक भागांमुळे मोटरची घरघरही खूपच कमी होते. मला त्याचंच जास्त महत्त्व होतं.

[दृश्य: तुटलेली केबल, तांब्याच्या तारांवर हिरवट थर.]

ही केबल पहिल्या वर्षीची. तेव्हा अजून बटणं होती. डिसेंबरात एका संध्याकाळी बटण दाबलेलं असताना रेंज गेली. "डावीकडे" हे पोचलं होतं, "थांब" हे पोचलंच नाही. मोटर फिरत राहिली, केबल खांबाभोवती गुंडाळली गेली आणि शेवटी उपटली. पडदा काळा झाला. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण घरट्यात अंडी होती, आणि खांबापाशी जायचं म्हणजे मादीच्या डोळ्यांसमोर जायचं. आम्ही एप्रिलपर्यंत गेलो नाही. अख्खा हंगाम न बघता गेला. काका रोज आगरातून मान वर करून बघायचे आणि रात्री फोन करायचे, "मासा आणलान. दोघंही आहेत."

त्या चार महिन्यांत मी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला. जोताचा बैल गडी हाकतोय तोवर चालतो, हाक बंद झाली की उभा राहतो. मोटरचं तसंच केलं. फोनवरून सेकंदाला पाच वेळा "चाल" जात राहतं. अर्धा सेकंद ते आलं नाही तर मोटर जागच्या जागी थांबते, पुण्याला न विचारता. दोन्ही टोकांना स्विच आहेत, त्यांच्यापलीकडे ती जाऊच शकत नाही. बॅटरी संपून परत सुरू झाली तर आपण कुठे तोंड करून आहोत हे स्टेपर मोटरला कळत नाही. मग ती अगदी सावकाश एका टोकाला जाते, स्विचला टेकते आणि तिथून मोजायला लागते. एका वेळी एकाच माणसाच्या हाती कॅमेरा. आणि काकांच्या फोनवर एक लाल चौकोन आहे. तो दाबला की आमच्यापैकी कुणालाच काही हलवता येत नाही, ते स्वतः सोडेपर्यंत. आजवर त्यांनी तो दोनदा दाबलाय. दोन्ही वेळा मादी कॅमेऱ्याकडे बघत होती.

खारा वारा मात्र कुठल्याही प्रोग्रामचं ऐकत नाही. काचेवर मिठाची साय धरते, त्यासाठी गाडीच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप बसवलाय. जोडण्यांना ग्रीस, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पाऊस तर त्यात काही टिकवायचाच नाही.

[दृश्य: एप्रिल. घरट्याच्या काठावर एकच पिल्लू, पंख उघडे.]

थोरलं पिल्लू दोन दिवस काठावर उभं राहून पंख मारत होतं. त्या सकाळी ते फांदीवर उडी मारून चौकटीबाहेर गेलं. मी फांदीच्या दिशेला बोट टेकवलं. कॅमेरा त्याच्या ठरलेल्या वेगाने निघाला. फांदी आली. हलत होती, पण रिकामी.

फोन वाजला. काका खळ्यात होते, मागे कोंबड्यांचा आवाज.

"गेलं रे. खाडीवरून गेलं. एकदा खाली आलं, मला वाटलं पडतंय, पण सावरलान."

[दृश्य: रिकामी फांदी. मागे समुद्र.]

धाकटं अजून घरट्यात आहे. ते गेलं की खांबावर चढून कॅमेरा उतरवायचा, पट्टा बदलायचा, आणि मे संपायच्या आत सगळं काकांच्या माळ्यावर ठेवायचं.